शिंगाची मूठ तडकली तर: लाख, भुगा आणि मेणाने घरच्या घरी दुरुस्ती

मामाजींचा कलमाचा चाकू माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मुठीवर एक उभी भेग होती, नखाचं टोक जाईल एवढी. काटोलकडच्या मळ्यात त्यांनी त्या चाकूने जंभेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे भरले, म्हणजे डोळ्यांची कलमं केली, वर्षानुवर्षं. मूठ म्हशीच्या शिंगाची. एरवी काळी, पण उजेडासमोर धरली की कडेला मधासारखी दिसते. मागच्या टोकाला साल उचलायची चपटी जीभ, तीही शिंगाचीच, आणि तिचा एक कोपरा उडालेला.

मी भर मे महिन्यात त्या भेगेत बाजारातला झटपट चिकटणारा गोंद भरला. दिसायला काम चोख झालं. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर जुन्या भेगेच्या शेजारी, तिला समांतर, नवी भेग पडलेली. दोन भेगांमधली शिंगाची पातळ कपची सुटायच्या बेतात होती. जुन्या भेगेतला गोंद मात्र दगडासारखा जागच्या जागी.

ही दुसरी भेग का पडली ते समजलं, तेव्हा कुठे माझं काम सुधारलं. त्यानंतर घरातल्या दोन सुऱ्या, आजोबांचा वस्तरा आणि शेजारच्या काकांची शिंगाच्या मुठीची काठी अशा बऱ्याच वस्तू हाताखालून गेल्या. आता भेगा भरायला मी लाख, शिंगाचा भुगा, बेरजा (चिडाचा डिंक) आणि मेण यांपलीकडे काही वापरत नाही. ही पद्धत सविस्तर सांगते.

शिंग का तडकतं

शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचा आणि केसांचा पदार्थ. जनावराच्या डोक्यावर हाडाचा एक खुंट असतो आणि त्यावर शिंगाचे थर टोपीवर टोपी घालावी तसे चढत जातात. त्यामुळे शिंग आडवं सहसा मोडत नाही, ते लांबीच्या दिशेने चिरतं किंवा त्याचे पापुद्रे सुटतात. भांडी घासून झाल्यावर नखं कशी मऊ आणि किंचित फुगलेली लागतात ते आठवा. शिंगही तसंच हवेतला ओलावा पितं आणि कोरड्या हवेत सोडून देतं. ओलं झालं की फुगतं, वाळलं की आक्रसतं.

नागपुरात हे फार जोरात होतं. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, हवा इतकी कोरडी की पापड तासाभरात कडक. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापते दिवस, संपतो न संपतो तोच पावसाळा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मीठ डब्यात पाणी सोडतं. एकाच मुठीला वर्षात हे दोन्ही टोकांचे दिवस काढावे लागतात.

माझी चूक इथेच होती. मे महिन्यात शिंग आक्रसल्यामुळे भेग सगळ्यात रुंद असते. त्या रुंदीत मी दगडासारखा कडक गोंद भरला. पावसाळ्यात शिंग फुगलं, भेग मिटायला निघाली, पण मधे गोंद पाचरीसारखा बसलेला. तो हटेना, म्हणून शेजारचं शिंग फाटलं. यातून मी दोन नियम धरले आणि पुढची सगळी पद्धत त्यांवरच उभी आहे: भरण शिंगापेक्षा मऊ असावं, आणि ते पुन्हा काढता यावं. भरण तुटलं तर ते नव्याने भरता येतं. शिंग तुटलं तर ते परत येत नाही.

तडकण्याचं दुसरं कारण आत असतं. मुठीत शिरलेलं पात्याचं शेपूट गंजतं, गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि मूठ आतून फोडतं. तिसरं कारण कसर. लोकरीच्या शालीला लागते तीच. तिच्या अळ्यांना केराटिन पचतं, म्हणून शाल नसली तर त्या शिंगावर ताव मारतात. मुठीवर वेडेवाकडे खड्डे, बारीक चर आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली की कसर समजा.

आधी मूठ कशाची ते ओळखा

जुन्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, हरणवर्गीय प्राण्यांच्या शाखाशिंगांच्या, लाकडाच्या, सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या), कशाच्याही असतात. मूठ खिडकीशी धरून भिंगातून बघा. शिंगात लांबीच्या दिशेने रेघा दिसतात आणि पातळ कडेतून उजेड आरपार येतो. हाडावर बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा असतात, कारण हाडातून रक्तवाहिन्या जातात. सांबर-चितळाचं शिंग खरं म्हणजे हाडच: बाहेरून खडबडीत, कापलेल्या टोकाला मधे स्पंजासारखं.

अशी सांबरशिंगाची मूठ हाती लागली तर तिला हात लावू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा वस्तू बाळगणं, विकणं, देणं-घेणं यांवर कडक बंधनं आहेत. आपल्याकडे पेंच, ताडोबा, नवेगाव अशी जंगलं जवळ असल्याने "जंगलात गळून पडलेलं मिळालं" असं सर्रास ऐकू येतं. गळून पडलेलं शिंगही उचलून घरी आणता येत नाही. शंका असेल तर वनविभागाला विचारा. हस्तिदंताचंही तेच. हा लेख पाळीव म्हशीच्या शिंगापुरता आहे.

तापलेली सुई टेकवून जळक्या केसाचा वास आला तर शिंग, ही चाचणी पुष्कळ जण सांगतात. वासाची गोष्ट खरी आहे, पण मूठ सेल्युलॉइडची निघाली तर ती भडकन पेट घेते. म्हणून मी मूठ तळहातावर जोरात घासून हुंगते. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, तिला विस्तवाजवळ नेऊ नका.

कोणत्या दिवसांत काम करायचं

कोजागरीपासून देवदिवाळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. पाऊस सरलेला असतो, हवा फार ओली नाही, फार कोरडी नाही, आणि भेगही आपल्या मधल्या रुंदीवर आलेली असते. दुसरी संधी संक्रांतीनंतर, होळीच्या आधी. एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्टमध्ये भेगा भरू नका. घाईच असेल तर मूठ झाकणाच्या डब्यात ठेवा आणि उन्हाळ्यात त्याच डब्यात छोट्या वाटीत ओला, पिळलेला स्पंज ठेवा. स्पंज मुठीला टेकता कामा नये. पंधरा दिवसांत भेग बरीच मिटलेली दिसेल. रोज उघडून बुरशी बघायची. कूलरसमोर मूठ ठेवून हेच साधायला जाऊ नका, तिथे एका बाजूने ओलं आणि एका बाजूने कोरडं होऊन मूठ वाकडी होते.

सामान

चपडी लाख, शंभर ग्रॅम पुष्कळ झाली. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे कवच करतात, ते वितळवून, गाळून, पातळ पापुद्रे केलेले. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख घेतली जाते, म्हणजे वस्तू आपल्याच मुलखातली. नागपूरच्या इतवारी बाजारात रंगसामानाच्या दुकानांत पॉलिशसाठी म्हणून मागितली की मिळते. सोनार पोकळ दागिन्यात भरतात ती लाख निराळी, तीत भर घातलेली असते. आपल्याला निव्वळ चपडी हवी. पापुद्रे नारिंगी, ठिसूळ आणि सुटे असावेत. खूप जुनी, गोळा झालेली चपडी स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही.

बेरजा, म्हणजे चिडाच्या झाडाचा घट्ट झालेला डिंक. सोल्डरिंगवाले त्याला रोझीन म्हणतात. पूजेच्या दुकानात धुपासाठी मिळते ती राळ, ती सालवृक्षाची असते. दोन्ही दिसायला सारख्या, म्हणून बेरजा असं स्पष्ट नाव घेऊन मागा.

मधमाशीचं मेण. मेणबत्तीचं मेण चालत नाही, ते गुळगुळीत घसरतं आणि धरत नाही. खऱ्या मेणाला कापल्यावर मधाचा वास येतो.

शिंगाचा भुगा. हा विकत मिळत नाही, करावा लागतो. मोडका शिंगाचा कंगवा, जुनी बटणं, फुटलेल्या मुठीचे तुकडे, जे असेल ते बारीक कानशीने घासून मलमलीतून गाळा. काळ्या आणि पिवळट शिंगाचा भुगा वेगळा ठेवा. घासताना नाकाला चांगला एन-९५ मास्क लावा आणि काम गच्चीवर किंवा अंगणात करा. कुठेतरी पडलेलं कच्चं शिंग आणून घासू नका. जनावर कशाने मेलं ते माहीत नसतं, आणि काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सचे बीजाणू अशा शिंगावर वर्षानुवर्षं तग धरतात.

याशिवाय पॉलिशचं स्पिरिट, काजळी, गेरू, वस्त्रगाळ विटेची भुकटी, बांबूच्या काड्या, सुती दोरा, सॅंडपेपर २२० पासून १००० पर्यंत, आणि सुकवलेली पारिजातकाची पानं. या पानांचं काम पुढे सांगते.

चुना घातलेला दुधाचा सरस लाकडाला उत्तम, पण शिंगाला लावू नका. चुना, धुण्याचा सोडा, ओली राख हे सगळे क्षार केराटिन मऊ करतात आणि खातात. जनावरांचा सरस शिंगाला छान धरतो, तोही मी फक्त सुटे पापुद्रे चिकटवण्यापुरता वापरते. पावसाळ्यात तो मऊ पडतो, त्यावर बुरशी येते आणि कसरीला आयतं जेवण मिळतं.

साफसफाई

कसरीची शंका असेल तर इथूनच सुरुवात. मूठ पातळ कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरगुती फ्रीजर उणे १८ अंशांवर चालतो, एवढ्या थंडीत एवढे दिवस अळ्या आणि अंडी टिकत नाहीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार शिंगावर हवेतलं पाणी जमतं.

मग कोरड्या दात घासण्याच्या ब्रशने भेगेतला मळ काढा. खोल असेल तर बांबूची काडी चपटी करून. लोखंडी सुई वापरली की भेगेची कड तासली जाते आणि नंतर भरण चौकटीत बसवल्यासारखं उठून दिसतं. वरचा मळ जेमतेम ओलसर फडक्याने पुसा. मूठ पाण्यात बुडवायची नाही.

जुन्या मुठींना घरोघरी खोबरेल चोळलेलं असतं. तेलावर लाख धरत नाही. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून भेगेच्या आतून-बाहेरून तेल काढा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. जवळ विस्तव नको, खिडक्या उघड्या. मूठ पूर्वी कोणी पॉलिश केली असेल तर स्पिरिटने तेही निघेल, हे आधी लक्षात घ्या.

पात्याचा गंज दिसत असेल तर आधी तो काढायला हवा. गंज तसाच ठेवून वरून भेग भरली तर ती पुन्हा उघडणार.

केसाएवढ्या भेगा

नख अडकत नाही अशी भेग भरूच नका. २५ ग्रॅम चपडी १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून विरघळवा आणि जुन्या सुती कापडातून गाळा. बारीक ब्रशने त्याचे एक-दोन थेंब भेगेवर सोडा, भेग स्वतःच ते आत ओढून घेते. वरचं लगेच पुसा. दुसऱ्या दिवशी हवं तर पुन्हा एकदा. एवढ्याने धूळ आणि पाणी आत जाणं थांबतं.

हे द्रावण सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर आधी काचेवर थेंब टाकून बघा. दुसऱ्या दिवशीही चिकट असेल तर फेकून द्या, ते कधीच नीट वाळणार नाही.

रुंद भेगा आणि खड्डे: लाखेची कांडी

नागपूरच्या महाल भागात एक जुना धार लावणारा आमच्या ओळखीचा होता. मी पहिल्यांदा लाख वितळवली तेव्हा तो शेजारी उभा राहून एकच वाक्य म्हणाला, "ताई, लाख जाळू नका जी, नाही तं तिचं रबर होते." तंतोतंत खरं आहे. लाख पंचाहत्तर-ऐंशी अंशांना वितळते. जास्त वेळ जास्त तापवली की आधी फेस येतो, मग ती ओढल्यावर ताणली जाते आणि शेवटी परत वितळतच नाही. म्हणून थेट गॅसवर ठेवायची नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यात स्टीलची जाड वाटी. वाटीत वाफेचं पाणी पडू देऊ नका.

माझं प्रमाण असं: कुटलेली चपडी चार चमचे, बेरजा अर्धा चमचा, चण्याएवढं मेण आणि शिंगाचा भुगा तीन ते चार चमचे. बेरज्याने लाख चांगली वाहते आणि पकडते, पण जास्त झाला तर भरण काचेसारखं तडकतं. मेणाने लवचिकपणा येतो, जास्त झालं तर पकड सुटते. आधी लाख आणि बेरजा वितळू द्या, मग मेण, मग भुगा चिमटी-चिमटीने. बांबूच्या काडीने ढवळत राहा. मिश्रण कणकेसारखं जड होईल तेव्हा थांबा.

रंग इथेच जमवायचा. काळ्या मुठीला काजळीची चिमूट, तपकिरीला गेरू. मधासारख्या पारदर्शक भागासाठी भुगा अगदी थोडा घाला आणि काजळी बिलकुल नको, नाहीतर उजेडासमोर भरणाचा काळा ठिपका दिसतो. वितळलेलं मिश्रण गार झाल्यावर गडद होतं, म्हणून एक थेंब ओल्या फरशीवर टाकून रंग पाहा. जमला की ओल्या पाट्यावर ओल्या हाताने, ऊदबत्तीपेक्षा थोड्या जाड कांड्या वळून ठेवा. बिनओल्या हाताला ही लाख चिकटली तर फोड येतो.

आता भरण. मूठ हाताला कोमट लागेल एवढी गरम करा. हेअर ड्रायर दुरून फिरवला की पुरे. गार शिंगावर गरम लाख पडली तर ती वरच्या वर गोठते आणि खाली पोकळी राहते. जुन्या पेचकसाचं चपटं टोक गॅसवर तापवा, काजळी पुसा आणि कांडीला टेकवून बघा. लाख गुपचूप वितळली तर तापमान बरोबर. धूर निघाला तर थोडं थांबा. मग टोक आणि कांडी दोन्ही भेगेवर धरून लाख आत सोडा, भेगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे हवा पुढे पळत जाते. बारीक खड्ड्यात थेंब पडला की ओल्या बांबूच्या काडीने दाबा. भरण मुठीच्या वर अर्धा ते एक मिलिमीटर राहू द्या, लाख गार होताना बसते.

मामाजींच्या चाकूची भेग मी अशी तीन टप्प्यांत भरली. पहिल्या वेळी मधोमध बुडबुडा राहिला, तो दुसऱ्या दिवशी घासताना टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र होऊन वर आला. तापलेलं टोक तेवढ्याच जागी टेकवून तो पुन्हा वितळवला. लाखेचं हेच मोठं सुख आहे, चूक झाली तर तेवढीच जागा परत मऊ होते.

विस्तव नको असेल त्यांच्यासाठी थंड पद्धतही आहे. वरचंच स्पिरिटमधलं लाखेचं द्रावण थोडं आटू द्या, त्यात भुगा कालवून चटणीसारखं दाट करा आणि एकेक मिलिमीटरचे थर भरत जा. प्रत्येक थराला पूर्ण एक दिवस. स्पिरिट उडून जाताना भरण आक्रसतं, म्हणून एकदम भरलं तर आत पोकळ राहतं. वेळखाऊ आहे, पण वस्त्र्याच्या पातळ शिंगपट्ट्यांना मी हीच पद्धत वापरते, कारण त्या उष्णतेने वाकतात.

तुकडाच उडाला असेल तर

साल उचलायच्या जिभेचा उडालेला कोपरा नुसत्या लाखेने भरून उपयोग नव्हता, त्यावर जोर येतो. अशा ठिकाणी शिंगाला शिंगाचंच ठिगळ. मोडक्या कंगव्याचा तुकडा घेतला. त्याच्या रेघा जिभेच्या रेघांच्या दिशेने येतील असा कापला. तुटलेली कड कानशीने तिरकी, जाडीच्या साधारण तिप्पट लांबीच्या उताराची केली आणि ठिगळाची कडही तशीच उलटी, म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते. दोन्ही कडांवर लाखेचं द्रावण लावून वाळवलं, मग दोन्ही कोमट करून मधे कांडीचा पातळ थर वितळवून दाबलं आणि सुती दोऱ्याने गच्च बांधून रात्रभर ठेवलं. दोऱ्याखाली तेलकट कागद घाला, नाहीतर दोराही चिकटतो.

ठिगळ आधी हवं त्यापेक्षा मोठं ठेवा आणि चिकटल्यावर तासून आकार द्या. उलटं करायला गेलं की हमखास कमी पडतं.

मूठ ढिली झाली असेल तर

मूठ हातात फिरते, पातं खुळखुळतं, अशा वेळी जुनी लाख आत मेलेली असते. आपल्याकडच्या तलवारींची पातीसुद्धा मुठीत लाखेच्या मिश्रणानेच बसवलेली असत, तेव्हा ही रीत फार जुनी.

पात्याला फडकं गुंडाळा आणि मुठीजवळचा भाग गरम पाण्याच्या पिशवीने किंवा ड्रायरने हळूहळू तापवा. लाख मऊ झाली की पातं सरळ ओढा, पिळू नका. पातं गॅसवर तापवलं तर त्याचं पाणी उतरतं, मग ते धार धरत नाही. रिपिट, म्हणजे आरपार ठोकलेला खिळा, मारलेली मूठ असेल तर रिपिट काढायचं काम जाणकार लोहाराकडे द्या, घरी छिन्नी घालून बहुतेक मुठी फुटतात.

शेपटावरचा गंज सॅंडपेपरने साफ करा, स्पिरिटने पुसा आणि लाखेच्या द्रावणाचा एक हात द्या, म्हणजे परत गंजणार नाही. मग बेरजा चार भाग, मेण एक भाग, विटेची वस्त्रगाळ भुकटी एक भाग, वजनाने. हेही उकळत्या पाण्यावरच्या वाटीत वितळवा. मूठ कोमट, शेपूट गरम, मिश्रण पातळ, तिन्ही एका वेळी तयार हवीत. छिद्र दोन-तृतीयांश भरा, शेपूट सरळ आत घाला, जास्तीचं बाहेर येईल ते येऊ द्या. पातं मुठीच्या रेषेत आहे का ते दोन्ही बाजूंनी पाहून तासभर उभं ठेवा. बाहेर आलेलं गार झाल्यावर नखाने टक्कन तुटतं. मुठीच्या तोंडाशी शेंबी, म्हणजे धातूचं कडं, असेल तर ती शेपूट घालण्याआधी चढवायला विसरू नका. मी एकदा विसरले आणि सगळं परत वितळवावं लागलं.

घासणं आणि चमक

भरण एक पूर्ण दिवस तसंच ठेवा. आधी कटरच्या पात्याने किंवा काचेच्या सरळ कडेने वरचं भरण खरवडा, मग बारीक कानस, मग सॅंडपेपर २२०, ४००, ६००, १०००. लांबीच्या दिशेनेच घासा. लाख शिंगापेक्षा मऊ असते, बोटाने दाबून घासलं तर तिथे खळगा पडतो, म्हणून कागद लाकडाच्या चपट्या तुकड्यावर गुंडाळा. जोरात आणि भराभर घासलं की लाख तापून कागदाला चिकटते. दहा हात मारा, थांबा.

शेवटच्या हाताला पारिजातकाची पानं. वरून खरखरीत असतात आणि लाकूड, हस्तिदंत घासायला आपल्याकडे ती पूर्वीपासून वापरात आहेत. सावलीत सुकवलेलं पान बोटावर घेऊन हलक्या हाताने फिरवा. वक्र भागावर ते कागदापेक्षा चांगलं बसतं. त्यानंतर कोळशाची वस्त्रगाळ पूड तिळाच्या तेलाच्या एका थेंबात कालवून मऊ फडक्याने चोळा. काळ्या शिंगाला जी खोल चकाकी येते ती इथे येते.

वरून संरक्षणाला मेण. एक भाग मधमाशीचं मेण, दोन भाग जवसाचं तेल, कोमट करून एकजीव करा. अगदी पातळ लावा, अर्ध्या तासाने पुसा, दोन दिवस वाळू द्या. जवस आपल्या विदर्भातलंच पीक, घाण्याचं तेल सहज मिळतं, आणि हवेत ते हळूहळू घट्ट होतं, खोबरेलासारखं ओशट राहत नाही. एक धोका मात्र आहे. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून ठेवलं तर वाळताना आतल्या आत तापतं आणि स्वतःहून पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर हे विसरूच नका. फडकं पाण्यात भिजवून टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा.

वापरात काय सांभाळायचं

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हात धुण्याचं सॅनिटायझरही स्पिरिटच, ते ओल्या हाताला असताना मूठ धरली की भरण चिकट होतं. डोळे भरताना रोग पसरू नये म्हणून माळी चाकू स्पिरिटने पुसतात. अशा कामातल्या चाकूचं फक्त पातं पुसा, मुठीपर्यंत बोळा नेऊ नका.

स्वयंपाकघरातली सुरी गरम पाण्यात ठेवू नका, लाखेवर पांढरे डाग येतात. सोडा आणि कडक साबणाने लाख निघून जाते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा.

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर अशी वस्तू मे महिन्यात ठेवायची नाही. तिथे लाख मऊ पडण्याइतकी उष्णता सहज होते, आणि भरणावर पिशवीच्या कापडाचा ठसा उमटतो. काकांच्या काठीच्या मुठीवर असा एक ठसा मी पाहिला आहे, गाडीच्या सीटच्या विणीचा.

वर्षातून दोनदा, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आणि पोळ्याच्या सुमारास, मूठ उजेडासमोर धरून बघा. भरणाच्या कडेने केसाएवढी फट दिसली तर काळजी नको, शिंग हललं आणि भरण सुटलं, म्हणजे शिंग वाचलं. कोजागरीपर्यंत थांबा. मग तापलेलं टोक त्या कडेवरून एकदा फिरवा, लाख पुन्हा धरते. सगळंच काढायचं झालं तर भेगेवर स्पिरिटचा बोळा ठेवून वर प्लॅस्टिक गुंडाळा, काही तासांत भरण मऊ होऊन बांबूच्या काडीने बाहेर येतं, आणि भेग जशी होती तशी हातात परत मिळते.